निवळ पाण्याची टाकी

माक लोंग किंतानने मासा परत आणला, तो शिजवून.

रविवारचा बाजार होता. सकाळी सातलाच नदीकाठच्या रस्त्यावर ऊन चटके देत होतं. मी नाव धक्क्याला बांधून कॉफी प्यायला वर आलो, तर समोरून माक लोंग येताना दिसली. दोन्ही हातांत फडक्याने धरलेलं मोठं पातेलं. सगळा गाव तिला माक लोंगच म्हणतो, म्हणजे थोरली मावशी. तिच्या टपरीवरचं पातीन माशाचं कालवण, आंबवलेल्या दुरियन फळाचं, खायला लोक दोन-दोन तास गाडी चालवत येतात. आणि तो पातीन गेली पंधरा वर्षं एकाच घरचा. जावियाच्या घरचा, नदीतल्या पिंजऱ्यांत वाढवलेला.

तिने पातेलं जावियाच्या फळीवर, काट्याशेजारी आदळलं आणि झाकण काढलं.

"घे. तुझा माल."

जाविया मासा साफ करत होती. तिने कोपराने कपाळावरचा रुमाल मागे सारला. "काय झालं, माक लोंग? मीठ जास्त झालं का?"

"मीठ! अगं, गाव सगळा बोलतोय आणि हिला मीठ सुचतंय. खाली नदीवर लॉरी पकडली काल. पिंपंच्या पिंपं भरलेली. डुकराची आतडी, शिजवून मऊ केलेली. पिंजरेवाल्यांना विकत होता तो मेला, माशांना घालायला."

फळीभोवतीची माणसं थांबली. एका बाईने पिशवीत घेतलेला मासा हळूच परत ठेवला.

"आमच्याकडे तसलं काही येत नाही," जाविया म्हणाली.

"ती लॉरी आपल्या धक्क्यावर मी माझ्या डोळ्यांनी पाहिलीय. उन्हाळ्यात, नदी आटली तेव्हा. तूच सांग, तुझ्या पिंजऱ्यांवर नव्हती आली?" माक लोंगने पातेल्याकडे बोट केलं. "माझ्या हातचं चारशे माणसं खातात गं आठवड्याला. देवाची शपथ घे आणि सांग. मी हे पातेलं उचलून परत नेते, तुझी माफी मागते."

जावियाने तोंड उघडलं. मग तिने बाजूच्या स्टुलाकडे पाहिलं. तिचा नवरा रोस्दिन बर्फ आणायला गेला होता. बर्फाचं दुकान चार पावलांवर होतं आणि त्याला जाऊन अर्धा तास झाला होता.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.

"संध्याकाळी?" माक लोंग हसली, पण ते हसू नव्हतं. "शपथ घ्यायला संध्याकाळ लागते?"

नऊ वाजेपर्यंत जावियाच्या फळीपुढे कुणी उरलं नाही. पातेल्यातलं कालवण उन्हात साय धरत होतं. कुणीतरी जाता जाता छत्रीच्या टोकाने तिच्या माशाची टोपली बाजूला सरकवली, वाटेत मेलेलं कुत्रं असावं तशी. मी तिला म्हणालो, "जाविया, बस नावेत. सोडतो घरी." ती बसली. सगळा प्रवासभर ती हात नदीत बुडवून धूत होती.

पुढचं मला रोस्दिननेच सांगितलं. आम्ही एका वयाचे, एका शाळेतले.

तो घरी आला तेव्हा जाविया पायरीवर बसली होती. वर ओसरीवर त्याचा बाप, तोक देरिस, जेवत होता. भात आणि पातीनचं डोकं. म्हाताऱ्याचं सगळं आयुष्य नदीवर गेलेलं, मासा नसेल तर त्याला जेवण म्हणजे शिक्षा.

"बांग," जाविया नवऱ्याला म्हणाली, "लॉरीवाल्याकडून काय घेतलं होतं तुम्ही?"

"कोंबडीची आतडी. तो तसंच म्हणाला."

"तुम्ही विचारलं होतं?"

रोस्दिनने चपला काढून पायरीला लावल्या.

"विचारलं होतं का?"

"नाही विचारलं." तो खाली बसला. "खाद्य परवडेना, नदीत गुडघाभर पाणी, मासे पोटं खपाटीला जाऊन तरंगत होते. वास वेगळा होता, जाविया. मला कळलं होतं वास वेगळा आहे. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. म्हणून नाही विचारलं."

वर ओसरीवर ताटाचा आवाज झाला. तोक देरिसने ताट सरकवलं होतं. तो भिंत धरत धरत रांजणापाशी गेला, ओंजळीने पाणी घेऊन चुळा भरत राहिला. एक, दोन, पाच, सात. मग त्याच पाण्याने दाढी धुतली. परत येताना मुलाकडे न बघता म्हणाला, "सुनबाई, आजपासून मला अंडं देत जा. या घरचा मासा मला नको."

"आयाह..." बापाला हाक मारत रोस्दिन उठला.

"तुझा हात लागलेलं पाणीसुद्धा प्यावं की नाही, मी विचार करतोय. बस खाली."

शुक्रवारी मशिदीत नमाज झाल्यावर इमाम सुफियान म्हणाले, "रोस्दिनला दोन शब्द बोलायचे आहेत." आम्ही सगळे वळून बसलो. रोस्दिन उभा राहिला. इस्त्रीचा सदरा घातला होता, मानेवर घामाची रेघ. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. खाली सतरंजीवरची नक्षी मोजत असावा तसा बघत राहिला. मागे कुणीतरी खाकरलं. कुणीतरी हसलं.

तेव्हा पडद्यापलीकडून, बायकांच्या बाजूने, जावियाचा आवाज आला.

"आमच्या माशांनी ते खाल्लंय. उन्हाळ्यात तीन महिने. आम्ही विचारलं नाही, ही आमची चूक. तुम्ही सगळ्यांनी तो मासा खाल्लात. माफ करा किंवा करू नका, पण दुसऱ्या कुणावर संशय घेऊ नका. ती लॉरी आमच्याच पिंजऱ्यांवर येत होती."

मग पडद्यामागे माक लोंगचा हुंदका ऐकू आला. रोस्दिन उभाच होता. त्याचे खांदे खाली आले आणि तो म्हणाला, "ती सांगते ते खरं आहे."

इमाम सुफियान भला माणूस. बाहेर आल्यावर त्यांनी दोघांना जवळ बोलावलं. "हे बघा, मासा कायमचा नासत नाही. घाण खाल्लेल्या जनावराला काही दिवस चांगलं खाऊ घातलं, वास गेला, की ते पुन्हा पाक होतं, शुद्ध होतं. आता जे मासे आहेत त्यांना..."

"मासे पाक होतील, इमामसाहेब," जाविया म्हणाली. "आमचं नाव होणार नाही."

शनिवारी त्यांनी पिंजरे रिकामे केले. मी नाव दिली. दोन हजारांच्या वर मासे, एकेक हाताएवढा. रबराच्या झाडांमागे रोस्दिनने खड्डा खणला. मी मदतीला फावडं उचललं तर म्हणाला, "राहू दे. हे मला एकट्याला करू दे." दुपारपर्यंत त्याच्या तळव्यांची सालटी निघाली. दांड्याला रक्त लागलं की तो विजारीला पुसायचा आणि पुन्हा खणायचा. माती ओढून झाल्यावर जावियाने खड्ड्यावर केळीचे बारा कोंब लावले. तोक देरिस ओसरीवरून पाहत होता. खाली आला नाही.

आम्हाला वाटलं, आता हे घर गाव सोडणार. रोस्दिनचा भाऊ क्वांतानला असतो, तिकडे जातील.

जाविया गेली, पण ट्रेनिंगला. जिल्ह्याला मत्स्यखात्याचा पाच दिवसांचा वर्ग होता, टाकीत मासे वाढवायचा. तीस पुरुष आणि ही एक. परत आली ती हातात जाड वही आणि डोक्यात टाक्या घेऊन.

"नदी नको," ती नवऱ्याला म्हणाली. "नदीत कोण काय सोडतं आपल्याला कळत नाही. पाणी आपलं, खाद्य आपलं, सगळं डोळ्यासमोर."

पिंजऱ्यांच्या लोखंडी जाळ्या त्यांनी नदीतून ओढून काढल्या, गंज घासला, वाकवून गोल केल्या. आत जाड ताडपत्री. छातीएवढ्या उंच अशा चार टाक्या घरामागे उभ्या राहिल्या. हवा सोडायचा पंप आणला, त्याच्या नळ्या प्रत्येक टाकीच्या तळाशी. पाण्यात प्राणवायू किती आहे ते मोजणारं यंत्र आणलं, बोटाएवढं. प्राणवायू कमी झाला की ते जावियाच्या फोनवर कोंबड्यासारखं आरवायचं. खाद्य घरीच: सोयाबीनची पेंड, तुकडा तांदूळ, सुकट, दळून यंत्रातून गोळ्या पाडायच्या. यंत्र फिरवताना रोस्दिनचं अंग पिठाने पांढरं व्हायचं. पाचशे माणसांचा भात शिजवावा तेवढा घाम.

मासा मात्र पातीन नव्हता. लाल तिलापिया.

"हा मासा आहे?" तोक देरिस काठी टेकत टाकीपाशी आला होता. "हे तर डॉक्टरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत असतात."

"आयाह, या टाकीत हाच जगतो चांगला."

"नदीच्या पोराला हौदात मासे! माझा बाप कबरीत कुशीवर वळला असेल." आणि तो निघून गेला, अंडं खायला.

खरी पंचाईत पाण्याने केली. या पद्धतीत पाणी बदलत नाहीत. रोज त्यात थोडी काकवी घालायची. काकवीवर बारीक जिवाणू वाढतात, माशांची घाण खाऊन टाकतात, त्यांचे पुंजके होतात, ते पुंजके मासा खातो. पाणी चहासारखं तपकिरी होतं. तसंच असावं लागतं.

माक लोंग एक दिवस कुंपणापाशी आली. सोबत दोन बायका साक्षीला. टाकीत डोकावली आणि नाकाला रुमाल लावला.

"बया बया! हे पाणी? आधी डुकराचं खायला घातलं, आता त्यांचंच त्यांना खायला घालतेस?"

"माक लोंग, ते तसं नाहीये. जिवाणू असतात..."

"जिवाणू कुणाला शिकवतेस? घाण ती घाण. हे काकवी घालून गोड केलं म्हणून काय सरबत झालं?"

जाविया वाद घालत बसली नाही. ती सायकल काढून थेट इमामांकडे गेली. पाठोपाठ माक लोंगही. इमाम सुफियान बागेत मिरच्या तोडत होते. दोघींचं ऐकून त्यांनी मिरच्यांची परडी खाली ठेवली आणि म्हणाले, "मला माहीत नाही."

"म्हणजे?" दोघी एकदम.

"म्हणजे माहीत नाही. माझ्या पुस्तकात काकवी नाही. विचारून सांगतो."

दहा दिवस लागले. मोठ्या आलिमांकडे, धर्मपंडितांकडे, ते दोनदा जाऊन आले, एकदा बाटलीत ते पाणीही घेऊन गेले. मग स्वतः टाकीपाशी आले, बाह्या सरसावून हात पाण्यात घातला, ओंजळीत तो तपकिरी पुंजका घेतला, हुंगला.

"वास नाही," ते म्हणाले. "घाणीचं दुसरंच काहीतरी झालंय. शेणाचं खत होऊन त्यातून भाजी उगवते, ती आपण खातोच. मुख्य खाद्य स्वच्छ आहे. चालेल. पण मनातला किंतू काढायचा असेल तर एक करा. विकण्याआधी तीन दिवस मासा निवळ पाण्यात ठेवा. फक्त तुमच्या गोळ्या घाला. मग कुणी बोट दाखवणार नाही."

पाचवी टाकी निवळ पाण्याची झाली. त्यात तळाचं नाणं दिसावं इतकं पाणी स्वच्छ.

तरी मासा विकला जाईना. पहिल्या रविवारी जाविया फळीवर बसली, सगळं समजावून सांगितलं. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि पुढे जायचे. एक म्हातारा म्हणाला, "पोरी, तू बोलतेस खरं. पण तू घरी काय घालतेस ते कोण बघायला येतंय?"

त्यावर तिची मुलगी हवानी क्वांतानहून सुट्टीला आली तेव्हा एक कॅमेरा घेऊन आली. छपराच्या वाशाला लावला, खाद्याची कोठी आणि पाचही टाक्या दिसतील असा. त्याचं चित्र गावात ज्याला हवं त्याच्या फोनवर. दिवसभर.

"आता सगळा गाव बघू दे," जाविया म्हणाली.

"मी बनियनवर असतो तिथे," रोस्दिन म्हणाला.

"मग सदरा घाला."

कुणी बघेल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण महिन्याभरात अशी गत झाली की बायका भाजी चिरताना फोन भिंतीला टेकवून जावियाच्या टाक्या बघायच्या. मालिकेपेक्षा जास्त. धक्क्यावर चर्चा: "आज रोस्दिनने गोळ्या चारऐवजी पाचला घातल्या." "बायको ओरडली त्याला. हात कसे हलवत होती, बघितलंस ना?" सगळ्यांत पक्की माक लोंग. टपरीवर कढईशेजारी तिचा फोन पिठाच्या डब्याला टेकलेला. ती म्हणायची, "एक दिवस चुकेलच ती. आणि मी बघत असेन."

कॅमेरा लावल्यानंतर चौथ्या महिन्यात, एका गुरुवारी दुपारी तिच्या फोनवर चित्र काळं झालं.

वाऱ्याचा मोठा झोत येऊन गेला होता, बाकी काही नाही. गावात सगळीकडे वीज होती. माक लोंगने फोन झटकला, पुसला. काळंच. तिने कढईखालचा जाळ बंद केला आणि टपरीवरच्या आयला आणि रुकियाह या दोघींना हाका मारल्या, "आयला! रुकियाह! चला. बंद केला कॅमेरा तिने. म्हटलं नव्हतं मी?" धक्क्यावरून जाताना मला म्हणाली, "पांदाक, तूही ये. तुझी मैत्रीण ना ती. डोळ्यांनी बघ." आणि पायातल्या चपला फटफट वाजवत पुढे निघाली. मी मागे.

कुंपणापाशी पोचलो तर पंपाचा आवाज नव्हता. त्या घरात पंपाची घरघर नाही हेच इतकं विचित्र वाटलं की मी थांबलो. नारळाची एक वाळकी झावळी घर आणि शेड यांच्यामधल्या तारेवर पडली होती, तार तुटून जमिनीवर. पंपाला बॅटरी होती, ती अर्धा तास चालून संपलेली. फोनवर आरवणारं यंत्रही त्याच तारेवर, ते कुठून आरवणार! जाविया आणि रोस्दिन पेंड आणायला शहरात गेलेले.

आणि तिसऱ्या टाकीत, छातीभर तपकिरी पाण्यात, तोक देरिस उभा होता.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. डोक्यावरची टोपी पाण्यात तरंगत होती. नावेचं जुनं वल्हं दोन्ही हातांनी धरून तो पाणी उपसून आपटत होता, उपसून आपटत होता. भोवती शेकडो लाल तोंडं पाण्यावर येऊन आ वासत होती.

"बघत काय उभ्या राहिलात!" तो ओरडला. "मासे गुदमरतायत! पाणी उंचावरून टाका, हवा जाऊ दे आत!"

माक लोंग क्षणभरच थांबली. मग तिने सारोंग गुडघ्यापर्यंत खोचला, बादली उचलली आणि पहिल्या टाकीत घातली. "आयला, तू त्या टाकीवर! रुकियाह, पातेली आण घरातून, गाळणी आण, काय मिळेल ते! पांदाक, उभा काय राहिलास, फोन कर तिला!"

मी फोन केला आणि चौथ्या टाकीपाशी गेलो. बादली भरायची, डोक्याएवढी उचलायची, ओतायची. शंभरेक वेळा केल्यावर खांदे स्वतःचे राहत नाहीत. फोनवर चित्र काळं झालेलं आणखी बायकांनीही पाहिलं होतं. त्या चौकशीला आल्या आणि बादल्या घेऊन राहिल्या. वीसेक जणी झाल्या. तपकिरी पाणी सगळ्यांच्या डोक्यावरून ओघळत होतं, तोंडात जात होतं. माक लोंगच्याही. ती थुंकली नाही, तिला वेळच नव्हता.

"तोक, बाहेर या! छातीत कळ येईल!"

"तू तुझी टाकी बघ, किंतान! तुझ्या कोपऱ्यातले वर आलेत!"

पाऊण तासाने रोस्दिनची गाडी आली. त्याने खांबावरची कळ पाडली, तार सोलली, जोडली. पंप खोकला आणि सुरू झाला. टाक्यांच्या तळातून बुडबुडे वर आले, जसा भात उकळावा. एकेक लाल तोंड खाली गेलं.

साठ-सत्तर मासे मेले. चार हजारांतले.

जाविया टाकीच्या कडेला धरून उभी होती. बायकांकडे पाहत होती, एकेकीकडे. माक लोंग चिखलात बसकण मारून दम खात होती, केसांतून काकवीचं पाणी गळत होतं.

"तू कॅमेरा बंद केलास असं वाटलं मला," माक लोंग म्हणाली. "पकडायला आले होते."

"बरं झालं आलात."

"मग! मी नसते बघत तर?" आणि ती अशी काही हसायला लागली की चिखलातल्या सगळ्या बायका हसू लागल्या. तोक देरिसला आम्ही चौघांनी टाकीतून उचलून काढलं. त्याने पहिलं काय विचारलं? "किती मेले?"

त्या पाण्याने अंग भिजलेल्या बायकांनी पुढच्या रविवारी मासा नेला. कुणी एकमेकींशी ठरवलं नव्हतं. आल्या आणि नेला.

सातव्या महिन्यात हलालच्या दाखल्यासाठी तपासनीस आले. दोघे, एक बाई आणि एक तरुण पुरुष. हा दाखला मिळाला तर शाळेच्या वसतिगृहाला मासा जाणार होता, शहरातल्या दुकानांत जाणार होता. त्यांनी खाद्याचे नमुने पिशव्यांत भरले, पाण्याचे बाटल्यांत. कोठीचा कोपरा न् कोपरा पाहिला. सुरीसुद्धा हुंगली. मग बाईने वही उघडून विचारलं, "पूर्वी तुमच्या घरावर तक्रार होती, असं इथे लिहिलंय."

रोस्दिन या वेळी जावियाकडे पाहत राहिला नाही. पुढे झाला. "तक्रार खरी होती. मी घातलं होतं. सांगतो सगळं." आणि त्याने सांगितलं, लॉरीपासून खड्ड्यापर्यंत, एकही शब्द न गिळता.

"आणि आता घालत नाही, याला साक्षीदार कोण?"

कुंपणापाशी आम्ही दहा-बारा जण उभे होतो. माक लोंग सगळ्यांना बाजूला सारत पुढे आली.

"मी. मी सहा महिने रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत या बाईला पकडायला बसलेय. कालवण करपलं माझं दोनदा तिच्यापायी. नाही सापडली." तिने फोन वर धरला. "तुम्ही एका दिवसात काय शोधून काढणार?"

तपासनीस बाईने खाली मान घालून काहीतरी लिहिलं, पण तिचे खांदे हलत होते.

दाखला महिन्याने आला. जावियाने तो काचेत बसवला आणि रविवारी फळीमागे खिळ्याला टांगला. त्या दिवशी लोक सहापासून रांगेत होते. शेजारच्या टपरीवर माक लोंग गिऱ्हाइकांना ओरडून सांगत होती, "आज लाल माशाचं दुरियन-कालवण! हा मासा मी स्वतः वाढवलाय!"

"तुम्ही?" जाविया फळीवरून ओरडली.

"बघून बघून वाढवलाय!"

साडेआठला निवळ पाण्याच्या टाकीतला शेवटचा मासा विकला गेला. जाविया आणि रोस्दिन माझ्या नावेतून घरी आले. मीही वर गेलो, पाणी प्यायला. ओसरीवर तोक देरिस बसला होता. समोर ताट, त्यात भात. अंडं नव्हतं. त्याने अंड्याची बशी बाजूला सारून ठेवली होती.

"सुनबाई," तो म्हणाला, घसा साफ करत, "एखादा मासा तळ."

जाविया पायरीवरच थांबली. रोस्दिनच्या हातातली टोपली खाली आली. वर्षभर त्या ओसरीवर हा शब्द निघाला नव्हता.

"आयाह," ती म्हणाली, "सगळे विकले गेले."

"काय? एकही नाही?"

रोस्दिन घाईने म्हणाला, "मी आणतो. दोन नंबरच्या टाकीतला काढतो एक, मोठा..."

"तीन दिवस," जाविया म्हणाली.

"अगं, घरचं माणूस आहे! आयाहसाठी..."

"तीन दिवस निवळ पाण्यात. गिऱ्हाइकाला देते तसाच आयाहना देईन, वेगळा नाही." तिचे डोळे भरले होते, पण ती जागची हलली नाही.

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. मग मुलाकडे. मग त्याने अंड्याची बशी पुन्हा जवळ ओढली.

"ऐकलंस, पांदाक?" तो मला म्हणाला. "मला नाही दिला. सासऱ्याला! जा, सांग गावात."

मी कशाला सांगतोय, सगळा गाव बघतच होता. जावियाने लगेच दोन नंबरच्या टाकीत जाळं घातलं, त्यातला सगळ्यांत मोठा मासा काढून निवळ पाण्यात सोडला. एवढ्या मोठ्या टाकीत एकटा लाल मासा. सोमवारी धक्क्यावर दुसरा विषय नव्हता. "तोकचा मासा आज डावीकडे फिरतोय." "गोळ्या नीट खातोय ना?" मंगळवारी इमाम सुफियान स्वतः विचारून गेले. तोक देरिस खुर्ची टाकीशेजारी टाकून दिवसभर बसला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला, "माझ्या सुनेने मला नाही म्हटलं, माहीत आहे ना?" जसं काही त्याला कुणी पदक दिलं होतं.

बुधवारी दुपारी जावियाने तो मासा हळद-मीठ लावून अख्खा तळला. म्हाताऱ्याने बिस्मिल्ला म्हटलं, डोक्यापासून सुरुवात केली. डोळे, गाल, पाठ, शेपटीजवळची कुरकुरीत कडा. काटे एकाशेजारी एक मांडत गेला. रोस्दिन दाराशी उभा होता, जावियाच्या हातात पाण्याचा तांब्या.

शेवटी त्याने बोटं चाटली.

"पातीन नाही हा," तो म्हणाला. आणि रिकामी बशी मुलापुढे धरली. "उद्यासाठी दोन सोड निवळ पाण्यात."

"उद्यासाठी नाही, आयाह," रोस्दिन म्हणाला. "शनिवारसाठी."